नव्या गादीचा वास सहन होत नाही? खरेदीआधी आणि नंतर या चुका टाळा

अगरबत्ती, फिनाइल किंवा ताज्या रंगाच्या वासाने ज्यांचं डोकं ठणकतं, घसा धरतो, डोळे चुरचुरतात, त्यांच्यासाठी अंथरूण निवडणं खरोखर जिकिरीचं असतं. घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून ते उडवून लावू नये.

पहिली चूक होते दुकानातच. नमुन्याची गादी कित्येक महिने उघडी पडलेली असते, तिचा वास केव्हाच उडून गेलेला असतो. तुमच्या घरी येते ती प्लॅस्टिकमध्ये आवळलेली. पॉलियुरेथेन फोमची रसायनं आत कोंडलेली असतात आणि अंगाची ऊब लागली की वास आणखी उठतो. म्हणून नव्या गादीवर त्याच रात्री झोपू नका. प्लॅस्टिक काढून ती हवेशीर, रिकाम्या खोलीत उभी करून ठेवा. वास जायला काही दिवस लागतील, कधी काही आठवडेही. परत घेणार का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

‘शुद्ध कॉटन’ वाचून निर्धास्त होणं ही दुसरी चूक. इस्त्री न लागणाऱ्या, ‘रिंकल-फ्री’ चादरींवर बहुतेकदा फॉर्माल्डिहाइड या उग्र वासाच्या रसायनापासून केलेल्या रेझिनचा, म्हणजे राळेसारख्या पदार्थाचा, थर असतो. धुतल्यावर वरवरचा अंश जातो, पण रेझिन धाग्याला चिकटलेलं राहतं. अशी चादर घेऊच नका. ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे लेबल असेल तर घातक रसायनांची तपासणी झालेली असते, पण तुम्हाला ती चादर सोसेलच असं नाही. साधा मांजरपाट मला जास्त भरवशाचा वाटतो. मात्र त्यातली खळ दोन-तीनदा धुऊन काढावी लागते. पिंजाऱ्याकडून गादी भरून घेत असाल तर कापूस समोर उघडायला सांगा. पांढऱ्या कापसात निळे-लाल धागे दिसले, तर ते चिंध्यांचं पिंजण आहे. ते नको. आणि खोळ भरण्याआधी धुवा, नंतर धुता येत नाही.

पुष्कळदा गादी निर्दोष असते आणि त्रास खालून येतो. बॉक्स-पलंगाच्या प्लायवुड किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) गोंदातूनही फॉर्माल्डिहाइड सुटतं, उष्ण आणि दमट हवेत जास्तच. त्यात डांबर गोळ्या टाकल्या की त्यांची वाफ कापसात मुरते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तर त्या कधीच नकोत. रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटू शकतात. अंथरूण कडक उन्हात वाळवून सुती पिशवीत ठेवलं तरी पुरतं.

सुगंधी पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर बंद करूनही चादरीला वास येतो? मशीनच्या दाराचं रबर पुसून पाहा, जुना साबण तिथे साचतो. मग धुण्याचा सोडा टाकून मशीन गरम पाण्यावर रिकामं फिरवा.

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर काय बाधलं ते कळत नाही. नव्या कापडाचा तुकडा काचेच्या बरणीत झाकण लावून तासभर उन्हात ठेवा आणि आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगू द्या. वास नसेल तर फक्त उशीचा अभ्रा बदलून दोन-तीन रात्री झोपा, मगच चादर, गादी शेवटी. दम लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर हे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.