अभिक्रियेची उष्णता मोजताना उच्चांकावर विसंबू नका

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात जस्त तांब्याची जागा घेते, तेव्हा बाहेर पडणारी उष्णता मोजायची आहे. थर्मोकोलच्या कपात ०.२ मोलर (लिटरमागे ०.२ मोल; मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) मोरचुदाचे ५० मिलिलिटर द्रावण घ्यावे, कप कलंडू नये म्हणून तो बीकरमध्ये बसवावा आणि झाकणातून तापमापी आत सोडावा. दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवावे. तिसऱ्या मिनिटाला नोंद न घेता २ ग्रॅम जस्ताची भुकटी एकदम टाकून झाकण लावावे आणि सतत ढवळत राहावे. खरे तर ०.६५ ग्रॅम पुरते, पण मोरचूद पूर्ण संपायला हवे म्हणून जस्त मुद्दाम जास्त घ्यायचे.

यानंतर दिसेल ते सर्वांत जास्त तापमान लिहून घ्या, असे सर्रास सांगितले जाते आणि ते साफ चूक आहे. ही अभिक्रिया क्षणात संपत नाही. ती चालू असेपर्यंत कपातून उष्णता बाहेर जातच असते, त्यामुळे तापमापीवरचा उच्चांक खऱ्या वाढीपेक्षा कमीच भरतो. मीही पूर्वी तोच आकडा धरत असे. वाढ ८.९ अंश आणि उत्तर मोलमागे १८६ किलोज्यूल यापुढे जाईना, तेव्हा दोष द्रावणाला देऊन मी पुन्हा पुन्हा नवे द्रावण बनवत राहिलो.

उपाय आलेखात आहे. दहाव्या मिनिटापर्यंत नोंदी घ्याव्यात आणि तापमान एकसारखे उतरू लागल्यानंतरच्याच बिंदूंमधून सरळ रेषा काढून ती मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवावी. शेंड्याजवळचे गोलसर वळणाचे बिंदू या रेषेत कदापि धरू नयेत, कारण तेव्हा अभिक्रिया संपलेली नसते. सुरुवातीच्या नोंदींची रेषाही तिसऱ्या मिनिटापर्यंत न्यावी; तिथे दोन रेषांमधले उभे अंतर हीच खरी तापमानवाढ. त्याच नोंदींवरून मला ती १०.१ अंश मिळाली.

मात्र ढवळणे थांबले, तर हा आलेखही वाचवू शकत नाही. जस्त तळाशी बसते, त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो, वरचे द्रावण निळेच राहते आणि बिंदू वेडेवाकडे पडतात. म्हणून शेवटच्या नोंदीपर्यंत हात चालू ठेवावा.

हिशेब सोपा आहे: द्रावणाचे ५० ग्रॅम × ४.१८ (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) × १०.१ अंश म्हणजे सुमारे २,१११ ज्यूल, आणि मोरचूद ०.०१ मोल असल्याने मोलमागे २११ किलोज्यूल. उष्णता बाहेर पडते म्हणून चिन्ह ऋण. मान्य मूल्य सुमारे २१८ आहे. उरलेली तूट बरीचशी कप, तापमापी आणि धातू तापवण्यात जाते, जी या हिशेबात धरलेलीच नाही.