इया व्हॅलीला जाणार असाल तर बसचं टाइमटेबल आधी बघा

जपानमधे टोकियो-क्योटोची गर्दी नको असेल तर शिकोकू बेटावरची इया व्हॅली बघा, ओकायामाहून ओबोके स्टेशनपर्यंत थेट एक्सप्रेस ट्रेन आहे, साधारण दोन तास, खरी गंमत पुढे सुरू होते कारण दरीत बस अगदी मोजक्या आहेत आणि एक चुकली की बसा वाट बघत. त्यामुळे परतीच्या बसची वेळ आधीच फोटो काढून ठेवा, इंटरनॅशनल लायसन्स असेल तर सरळ गाडी घ्या, छोटीच घ्या, रस्ते फार अरुंद आहेत.

वेलींचा काझुराबाशी पूल ४५ मीटर लांब, खाली १४ मीटरवर नदी, आणि फळ्यांमधल्या फटीतून ती दिसत राहते 😅 दर ३ वर्षांनी नवा बांधतात, वनवे आहे, मधेच मागे फिरता येत नाही.

तिथला सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) जाडसर आणि लगेच तुटणारा, तोच खरा. पण व्हेज लोकांनो, रस्सा बहुतेक माशाचाच असतो! बटाटा, टोफू, कोन्याकू (एका कंदाची घट्ट जेली) काडीला लावून मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) फासून भाजतात ते देकोमावाशी घ्या, मिसोत मासा नाही ना तेवढं विचारून.