डाकोटात मातीचं घर कसं बांधावं: धाकट्या भावाला पत्र

डाकोटा, जून १८८१

धाकट्या,

तू पुढच्या वर्षी येतोयस हे वाचलं आणि मला रडू आवरेना. आता हे नीट वाच, कारण इथलं घर आपल्या नॉर्वेतल्या सोग्नसारखं नाही. ओंडके नाहीत, दगड नाही. नजर जाईल तिथवर गवत, आणि त्याच्या मुळांनी घट्ट धरलेली माती. घर तिचंच.

आधी जमिनीचं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने २१ वर्षं पुरी झालेल्या माणसाला १६० एकरांवर हक्क सांगता येतो, एकट्या बाईलाही. सगळी मिळून फी १८ डॉलर. पाच वर्षं तिथेच राहून जमीन कसायची, मग दोन साक्षीदार उभे करायचे. त्याआधी अमेरिकेचा नागरिक होण्याचा इरादा नोंदवावा लागतो आणि त्यात स्वीडन-नॉर्वेच्या राजाची निष्ठा सोडावी लागते. तिथे माझा हात थांबला होता. मग बाबा आठवले. जन्मभर मालकाच्या शेतात राबले, आणि गेले तेव्हा डोक्यावरचं खोपटंही आपलं नव्हतं. मी सही केली.

जागा उंचवट्यावर धर. पाणी जवळ म्हणून नदीकाठाला भुलू नकोस. यंदाच्या पुरात मिझुरीकाठचं व्हर्मिलियन गाव बहुतेक सगळं वाहून गेलं.

विटा म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेले मातीचे तुकडे, त्या चांगला पाऊस पडून गेल्यावरच काढायच्या. कोरड्या जमिनीत फाळ घातलास तर हाती भुगा येतो. नांगर असा हवा की माती उलथून चुरा न करता सलग पट्टा सोलून काढेल: फूटभर रुंद, चार बोटं जाड. मग फावड्याने दोन-तीन फुटांचे तुकडे पाड. त्या दिवशी रचून होतील तेवढेच काप. मी पहिल्या दिवशी हावरटासारखे दुप्पट कापून ठेवले, ते उन्हाने तडकले आणि उचलताना हातातच फुटले.

रचताना गवताची बाजू खाली. भिंत दोन विटांची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, फटींत भुसभुशीत माती ठासायची. दर तिसऱ्या-चौथ्या थराला विटा आडव्या टाक, म्हणजे दोन्ही ओळी एकमेकींना धरून राहतात. ओळंबा सोडत जा. दार-खिडकीच्या चौकटी आधी उभ्या कर आणि खिडकीच्या वर चार बोटं मोकळी ठेवून तिथे चिंध्या कोंब. भिंत वर्षभर खचत राहते. जागा ठेवली नाहीस तर काच फुटेल, आणि काच इथे महाग.

आता छप्पर. आपला माणूस फसतो तो इथेच. छपरावर गवत काही आपल्याला नवं नाही, म्हणून मीही निर्धास्त होते. आढ्याला कॉटनवूडच्या झाडाचा वासा, त्यावर विलोच्या फांद्या, वाळलं गवत, वर मातीच्या विटा. पण आपल्याकडे गवताच्या खाली भूर्जाच्या सालीचे थर असतात. पाणी अडवते ती साल. गवत फक्त तिला दाबून धरतं. हे मला इथे कळलं, कारण इथे भूर्जच नाही.

पहिल्या जूनमध्ये तीन दिवस पाऊस लागला. बाहेर थांबल्यावर घरात आणखी दोन दिवस गळत होता, काळा, मातीचा. मी फ्लाटब्रोडच्या पातळ भाकरीची कणीक आईच्या पेटीत ठेवून झाकण लावलं. झाकणावरची फुलं चिखलाने भरली, कणीक वाचली. ती मी चुलीवर छत्री धरून भाजली.

तेव्हा बाकी कशातही काटकसर कर, डांबरी कागदात करू नकोस. तो फांद्यांवर दोन पदरी अंथर, मग माती. आतून मांजरपाट ताणून बांध, म्हणजे माती, उंदीर, कधी साप अंगावर पडत नाहीत. भिंती फावड्याने तासून चिकणमाती आणि राखेचा गिलावा दे.

थंडीची काळजी करू नकोस. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यालाच हिमवादळ आलं आणि बर्फ एप्रिलपर्यंत हटला नाही. गाड्या बंद होत्या, जळण संपलं, तेव्हा मी गवताचे पीळ घालून जाळत बसले. फळ्यांच्या घरात शेजारी कुडकुडत होते. माझी दोन फुटी भिंत ऊब धरून होती. एका रात्री ते सगळे, मुलांसकट, माझ्याकडे झोपायला आले.

घराभोवती नांगराची तासं मात्र पहिल्याच आठवड्यात मार, थोडं अंतर सोडून दोन पट्टे. शरदात गवत पेटलं की आग घोड्यापेक्षा वेगाने येते, आणि ती अडवायला उघड्या मातीशिवाय काही नाही.

रेल्वे सू फॉल्सपर्यंत येते. मे उजाडायच्या आत पोच. नांगर आणि बैल शेजाऱ्याचे आहेत. पहिल्या चांगल्या पावसानंतर ते आधी आपल्याकडे आणायचे, असं मी बोलून ठेवलंय.

तुझी ताई