‘व्होल्ट-फास’ वाक्यात बसवायचा तर

सोलापुरात अशोक चौकात माझी इंग्रजीची शिकवणी चालते. परवा ‘व्होल्ट-फास’ (volte-face) हा नवा शब्द दिला, म्हणजे ठामपणे घेतलेली भूमिका एकदम उलटी फिरवणं, आणि त्यावर वाक्यं लिहायला सांगितली. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याच्या मुलानं लिहिलं, ‘ओनियन प्राइसेस टुक अ व्होल्ट-फास.’ मी खोडलं.

“मॅडम, सकाळी चढलेला भाव दुपारी पडला की ओ! उलटलाच ना?”

उलटला, खरंय. पण कांद्याच्या भावानं आधी कुणाला शब्द दिला नव्हता. म्हणून हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: आधी कोण, काय ठामपणे म्हणालं होतं? उत्तर सापडलं तरच लिहायचा. भाव, पाऊस, तब्येत यांना भूमिका नसते. माणसाला, पक्षाला, सरकारला असते. आपल्याकडे पेपरात ‘मंत्र्यांचे घूमजाव’ छापून येतं ना, अगदी तिथला हा शब्द.

इटालियनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेला. ‘व्होल्टा’ म्हणजे वळण, ‘फाच्चा’ म्हणजे चेहरा. स्पेलिंगच्या शेवटी एफ-ए-सी-ई दिसतं म्हणून मुलं हमखास ‘फेस’ वाचतात. उच्चार ‘फास’, आणि जोर त्याच्यावरच. मधली आडवी रेघ विसरायची नाही.

हा शब्द नाम आहे. ‘ही व्होल्ट-फेस्ड’ असं क्रियापद होत नाही. आधी ‘डिड’, ‘मेड’ किंवा ‘परफॉर्म्ड’ घ्या, मग ‘अ’, हवं तर ‘कम्प्लीट’. कशाबद्दल मत फिरलं ते ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’ लावून सांगा: ‘द मिनिस्टर परफॉर्म्ड अ कम्प्लीट व्होल्ट-फास ऑन द वॉटर टॅक्स.’ ‘सडन’ मी सहसा लावू देत नाही. अचानकपणा शब्दातच आहे.

मोठ्या मुलांना मी इतिहासातलं उदाहरण देते. हिटलर आणि स्टालिन वर्षानुवर्षं एकमेकांना शिव्या घालत होते आणि 23 ऑगस्ट 1939 ला दोघांच्या सरकारांनी अनाक्रमण करार केला. असा व्होल्ट-फास की जग बघत राहिलं.

सात रस्त्याला रिक्षा वळते तो यू-टर्न. राजकारणातही यू-टर्न चालतो, पण तो बोलण्यातला शब्द. निबंधात व्होल्ट-फास जास्त शोभतो. बुडीत चाललेला चादरीचा कारखाना सावरला तर ‘टर्नअराउंड’ म्हणा.

त्याच दिवशी शेवटच्या बाकावरच्या मुलीची वही आली. ‘माय फादर डिड अ कम्प्लीट व्होल्ट-फास ऑन सेंडिंग मी टू पुणे.’

“आधी काय म्हणाले होते गं?”

“पोरगी सोलापुरातच शिकेल, म्हणाले होते. काल स्वतःच हॉस्टेलचा फॉर्म घेऊन आले.”

‘ऑन’ जागेवर होता, ‘अ’ जागेवर होता. मी पैकीच्या पैकी दिले.