पेनच्या टॅबलेटसाठी अ‍ॅप लिहायला बसण्याआधीची तयारी

आधी पेन निवडायचं, मग टॅबलेट. दुकानात आपण उलटं करतो. रॅम बघतो, स्क्रीन बघतो, घासाघीस करतो आणि वर पेन फुकट मिळालं तर बरं म्हणतो. पण पेनसाठी अ‍ॅप लिहायला शिकायचं तर सगळा अभ्यास त्या टोकाचाच आहे. जाड रबरी टोकाचं स्वस्त पेन कुठेही मिळतं, त्याने काम होणार नाही. स्क्रीनच्या लेखी ते बोटच असतं, त्यातून दाबही कळत नाही आणि पेन किती तिरकं धरलंय तो कलही कळत नाही. आपल्याला अ‍ॅक्टिव्ह पेन हवं, म्हणजे स्क्रीनशी स्वतः बोलून दाब कळवणारं. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. स्क्रीनखालच्या थरातून निघणारं विद्युतचुंबकीय क्षेत्रच त्याला ऊर्जा पुरवतं. हे पेन-टॅबलेट बनवणाऱ्या वॅकॉम कंपनीचं तंत्र, २०११ च्या पहिल्या गॅलेक्सी नोटपासून ते त्यात आहे. इतर बरीच अ‍ॅक्टिव्ह पेनं चार्ज करावी लागतात. शिवाय एका टॅबलेटचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही, म्हणून जोडी एकत्रच बघा.

सेकंडहँड घेणार असाल तर सोलापुरात नवी पेठेत जाताना खिशात फूटपट्टी ठेवा. दुकानदाराला विचारून स्क्रीनवर पट्टी तिरकी धरा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. रेघ लाटांसारखी हलत असेल तर तो टॅबलेट शिकण्यासाठी घेऊ नका, कारण पुढे दोष तुमच्या कोडचा की काचेखालच्या यंत्रणेचा हे कळणार नाही. मग तळहात टेकवून लिहून पाहा, चारही कोपऱ्यांत लिहून पाहा, हलकं आणि जोरात लिहून पाहा.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर उत्तम. ८ जीबीवरही भागतं, मात्र एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली टॅबलेट, न चालवता अ‍ॅप थेट टॅबलेटवर टाकत जा. तसंही हाताचा खरा दाब एम्युलेटरवर कुठून येणार? टॅबलेटवर टाकायला डेटा जाणारी यूएसबी केबल लागते, नुसती चार्जिंगची चालत नाही. ती नसल्यामुळे किती तरी मुलांचा पहिला दिवस वाया जातो. टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यातलं यूएसबी डीबगिंग चालू करा. आयपॅडसाठी लिहायचं असेल तर मॅक आणि त्यावरचं एक्सकोड हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर लागतं. तो खर्च जमणार नसेल तर मन लहान करू नका.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात ब्राउझरमध्ये करावी. साधं एक एचटीएमएल पान, त्यात एक कॅनव्हास (रेघा काढायची जागा) आणि पॉइंटर इव्हेंट्स (स्पर्शाची खबर देणारी ब्राउझरची सोय), एवढं पुरतं. वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१५ मध्ये पॉइंटर इव्हेंट्सना मानक म्हणून मान्य केलं. त्यात स्पर्श पेनचा, बोटाचा की माउसचा ते कळतं, दाब ० ते १ मध्ये मिळतो, कल अंशांत मिळतो. माउसचं बटण दाबलं की दाब कायम ०.५ येतो, म्हणून माउसने तपासून 'दाब चालतो' असं समजू नका. कॅनव्हासला टच-अ‍ॅक्शन नन ही सूचना लावायचं आधीच लिहून ठेवा, नाहीतर रेघ ओढायला जाल आणि पान सरकायला लागेल.

ते जमलं की अँड्रॉइड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर आणि त्यात कोड लिहायची भाषा कोटलिन. तिथे मोशनइव्हेंट हा वर्ग (स्पर्शाची माहिती देणारा कोडचा भाग) नीट वाचा, घाई नको. पेन साधारणपणे स्क्रीनपेक्षा जास्त वेगाने बिंदू पाठवतं. ६० हर्ट्‌झची स्क्रीन १६.७ मिलिसेकंदांनी एकदा ताजी होते, तेवढ्यात पेनकडून तीनचार बिंदू आलेले असू शकतात. अँड्रॉइड ते एकाच इव्हेंटमध्ये बांधून देतो. त्यातला फक्त शेवटचा बिंदू घेतलात तर भरभर काढलेलं गोल अक्षर कोपऱ्याकोपऱ्यांचं दिसतं. मधले बिंदू हिस्टॉरिकल या नावाच्या फंक्शन्समधून काढावे लागतात, ब्राउझरमध्ये त्यासाठी गेट-कोअलेस्ड-इव्हेंट्स आहे. ते बिंदू वक्ररेषेने जोडायला बेझिए वक्र, म्हणजे थोड्या नियंत्रक बिंदूंनी आकार ठरणारी गुळगुळीत रेघ, लागतो. दहावीचं निर्देशकांचं गणित पुन्हा काढा आणि दोन बिंदूंचा मध्य, अंतर, वक्राचे नियंत्रक बिंदू वहीत हाताने सोडवून बघा.

तळहाताचा विषय वेगळा धरा. लिहिताना हात काचेवर टेकतोच. आधी स्पर्श म्हणून आलेली गोष्ट तळहात होती असं यंत्रणेला नंतर कळतं आणि ती अ‍ॅक्शन कॅन्सल, म्हणजे तो स्पर्श रद्द, असा निरोप पाठवते. त्या क्षणी अर्धवट रेघ पुसून टाकायची जबाबदारी तुमची. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात हाताला घाम असतो, तेव्हा हीच चाचणी पुन्हा करा. आणि एकदा उन्हात अंगणात बसूनही लिहा, म्हणजे फिकट करड्या रंगाची बटणं किती निरुपयोगी आहेत ते दिसेल.

रेघा चित्र म्हणून साठवू नका. प्रत्येक बिंदूचे क्ष, य, दाब, कल आणि वेळ असे पाच आकडे ठेवा. सेकंदाला २४० बिंदू आणि आकड्याला चार बाइट धरले तरी अखंड एका मिनिटाचे २८८ केबी होतात, म्हणजे काहीच नाही. पुढे खोडणं, रंग बदलणं, अक्षर ओळखणं हे सगळं त्या आकड्यांवरच उभं राहतं. पेन उचललं की लगेच साठवा. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलेल्या माणसाचं लिखाण जाता कामा नये.

सरावाला काय बनवायचं? पाढ्यांची पाटी, सहीची चौकट बरेच जण करतात. मी म्हणेन, सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या ओळखीच्या चादरीच्या कारखान्यात विचारून जा आणि चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर कशी उतरते ते नीट पाहून या. उभी ओळ म्हणजे उभे धागे, आडवी ओळ म्हणजे आडवे धागे. इंचात दोन्हींची संख्या सारखी नसेल तर अ‍ॅपमधला चौकोन चौरस ठेवून चालत नाही. चौरस ठेवलात तर पडद्यावरचा मोर मागावर बुटका किंवा लांबट उतरेल. पेनने घरं भरायची, मागच्या टोकाने किंवा बटणाने खोडायची, झूम मात्र बोटांनी. एवढ्या एका अ‍ॅपमध्ये पेन, बोट आणि तळहात तिन्ही वेगळे ओळखायला शिकता. आणि इथे नक्षी काढणाऱ्या माणसाच्या हातात सोलापुरात लिहिलेलं अ‍ॅप पडावं, असं मला मनापासून वाटतं.

हस्ताक्षर ओळखण्याचं काम शेवटी घ्या. गूगलच्या एमएल किट या तयार कोडसंचात हस्ताक्षर ओळखणारं डिजिटल इंक रेकग्निशन आहे, मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही चालतात. भाषेचं मॉडेल (ओळखायला लागणारी फाइल) एकदा टॅबलेटवर उतरवलं की इंटरनेट लागत नाही. त्याला फोटो द्यायचा नसतो, रेघांचे बिंदू आणि वेळ द्यायची असते. आपण शब्द लिहून मग शिरोरेषा ओढतो, अनुस्वार आणि मात्रा त्याहूनही नंतर देतो, काही जण शिरोरेषा देतच नाहीत. म्हणून पेन उचललं की लगेच ओळखायला लावू नका, थोडा विराम येऊ द्या. चाचणीचे शब्द आधीच वहीत काढून ठेवा: जोडाक्षरांसाठी सिद्धेश्वर आणि अक्कलकोट, ळसाठी मंगळवेढा, आणि भाकऱ्या, कारण त्यातला ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत) साध्या र ने लिहिला जात नाही, त्याला ऱ हे वेगळं अक्षर लागतं.

प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणीही करून घ्यावी लागते. हे बारा जण आजच ठरवा, शेवटच्या आठवड्यात मित्रांच्या मागे लागू नका. त्यांत एक डावखुरा हवाच, त्याच्या हाताखाली तुमचा मेनू झाकला जातो की नाही ते त्यालाच कळेल. एखादी कन्नडमध्ये हिशेब लिहिणारी मावशी असू द्या, तेलुगू लिहिणारे एखादे काका, एक चौथीतली मुलगी आणि जमलं तर नक्षी काढणारा एक जण. ते लिहीत असताना बाजूला बसा, पण कुठे दाबायचं ते सांगू नका. कुठे अडकतात तेवढं टिपून घ्या.