गवताच्या पात्यावर पांढरा पट्टा दिसला तर
पात्यावर लांबट पांढुरका पट्टा दिसला की करपा समजून लगेच बुरशीनाशक फवारू नका. ते पाते आधी उजेडाकडे धरून पाहा. आत काळसर विष्ठेचे ठिपके, पिवळट अळी किंवा तपकिरी कोष दिसला, तर ते काम पान पोखरणाऱ्या माशीचे. सेरोडॉन्था प्रजातीतल्या अनेक माश्यांच्या अळ्या अशाच गवतात वाढतात. गवताच्या शिरा समांतर असल्याने बोगदाही सहसा पात्याच्या लांबीने जातो. टोमॅटोवरच्या नागअळीसारखी वेडीवाकडी रेघ इथे शोधत बसू नका. पोखरलेली पाती मोजकीच असतील तर खुडून टाका. सरसकट कीटकनाशक मात्र नकोच, कारण या अळ्यांवर जगणाऱ्या इवल्या परोपजीवी गांधीलमाश्याही त्यात मरतात, आणि खरी राखण त्याच करतात.