नाथसागरावरील अभयारण्याचा चाळिसावा वर्धापनदिन : तयारीची यादी

जायकवाडी पक्षी अभयारण्य ऑक्टोबर १९८६ मध्ये घोषित झाले, त्यामुळे २०२६ च्या ऑक्टोबरात त्याला चाळीस वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने पैठणला कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या मंडळांनी व शाळांनी सर्वांत आधी तारखेचा विचार करावा. ऑक्टोबरात पावसाळा नुकताच सरलेला असतो, नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरलेला असला तर काठाची उथळ दलदल पाण्याखाली असते आणि उत्तरेकडून येणारे बहुतेक पाहुणे पक्षी अजून वाटेत असतात. म्हणजे पक्षी दाखवण्याचे आश्वासन देऊन शंभर मुले काठावर नेली, तर ती बगळे व पाणकावळे पाहून परततील. म्हणून सभा, व्याख्यान व चित्रप्रदर्शन वर्धापनदिनी गावात घ्यावे आणि पक्षीनिरीक्षणाची फेरी जानेवारीत ठेवावी, कारण तोवर पाणी ओसरून चिखलपट्ट्या उघड्या पडू लागतात आणि शेकाटे, तुतारी यांसारखे चिखलात चोच घालणारे पक्षी तेथे उतरतात. इतका धीर नसेल, तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात साजरा होणारा पक्षी सप्ताह सोयीचा आहे. वन्यजीव अभ्यासक व लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवशी संपतो.

परवानगीचे काम दोन महिने आधी हाती घ्यावे. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, तेव्हा आपला काठ नेमका कोणत्या वनपरिक्षेत्रात येतो हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण व पर्यटन या कारणांसाठी तो मिळू शकतो. अर्जात माणसांची संख्या, वाहने, वेळ व जागा स्पष्ट लिहावी आणि ड्रोन उडवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. धरणाच्या भिंतीजवळ जायचे असल्यास पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हे ऐनवेळी फाटकावर कळणे फार त्रासाचे ठरते.

मंडप, ध्वनिक्षेपक व जेवण ही तिन्ही अभयारण्याच्या सीमेबाहेर असावीत. याविषयी मी थोडा कठोर आहे. काही वर्षांपूर्वी एका उद्घाटनाला काठापासून हाकेच्या अंतरावर ढोलताशा लावला होता. पाहुण्यांनी फीत कापली तेव्हा समोरच्या पाण्यावरील चक्रवाकांची जोडी केव्हाच उडून गेली होती आणि भाषणात मात्र तिचाच उल्लेख होता. फुगे, फटाके व रंगीत धूर यांना यादीत स्थान नाही. स्वयंपाक एखाद्या बचत गटाकडे द्यावा, पिठले-भाकरी व ठेचा पुरेसा आहे. पाणी पिंपातून व स्टीलच्या पेल्यांतून द्यावे, म्हणजे बाटल्यांचा प्रश्नच उरत नाही.

फेरीसाठी पंधरापेक्षा मोठा गट करू नये. प्रत्येक गटाबरोबर पक्षी ओळखणारा एक जाणकार, दोन-तीन दुर्बिणी आणि शक्य झाल्यास तिपाईवरची एक मोठी दुर्बीण असावी. सूर्य पाठीशी राहील अशी जागा आदल्या सकाळी जाऊन पाहून ठेवावी, नाहीतर चकाकत्या पाण्यावर सगळेच पक्षी काळे दिसतात. कपडे मातकट रंगाचे असावेत आणि उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थव्याकडे धावणाऱ्याला लगेच थांबवावे. मुलांना ओळखायला सोपी नावे आधी शिकवावीत : फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, आणि काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. एकनाथांच्या पैठणात हे शेवटचे नाव मुले विसरत नाहीत.

सत्काराची यादी करताना मासेमारी करणारे व गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काठची जमीन, कसणारे शेतकरी सुटू नयेत. अभयारण्याच्या नियमांचा जाच व पक्ष्यांची सोबत या दोन्ही गोष्टी त्यांच्या रोजच्या वाट्याला येतात, तेव्हा त्यांना व्यासपीठावर बोलवावे आणि त्यांच्या तक्रारी मध्येच न तोडता ऐकाव्यात. वनरक्षक व वनमजूर यांना शाल-श्रीफळ सुरुवातीलाच द्यावे; शेवटी ठेवले की तोवर अर्धे लोक बसकडे गेलेले असतात.

महिलांसाठी स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी, टोप्या व नावेत बसणार असल्यास प्रत्येकी एक जीवरक्षक जाकीट, यांची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा जणांनी फेरीच्या वाटेने परत जावे आणि कागद-प्लास्टिकच्या आधी सुतळी, नायलॉनचे दोरे व तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे उचलावेत, कारण पक्ष्यांचे पाय अडकतात ते यांतच.